यादीतले नाव

२४ मार्च २०१४ रोजी मोझिला कॉर्पोरेशनने ब्रेंडन आइक यांची मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून नेमणूक जाहीर केली. ३ एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला. मध्ये दहा दिवस गेले. योगायोग असा, की ज्या कामामुळे त्यांचे नाव संगणकाच्या इतिहासात गेले ती जावास्क्रिप्ट ही संगणकभाषाही त्यांनी मे १९९५ मध्ये दहाच दिवसांत उभी केली होती.

या दहा दिवसांत त्यांच्या हातून कारभाराची कोणतीही चूक झाली नव्हती. पैशाचा अपहार नाही, हाताखालच्या माणसाला त्रास नाही, ग्राहकाची फसवणूक नाही. त्यांच्याविरुद्ध होती ती एक जुनी नोंद. २००८ साली त्यांनी स्वतःच्या खिशातून एक हजार डॉलरची देणगी दिली होती, त्याची.

कंपनीच्या प्रमुखाला त्याच्या खासगी राजकीय मतासाठी खुर्ची सोडावी लागावी का, हा प्रश्न हल्ली वारंवार निघतो. उत्तर बहुधा ते मत आपल्याला पटते की नाही यावर ठरते. मला एवढे पुरेसे वाटत नाही. मी इतिहासाचा पदवीधर नाही. आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले आणि वाचन झाले ते संध्याकाळी, जमेल तसे. पण वह्यांनी एक सवय लावली. एखादी रक्कम कुठून आली आणि कुठे गेली, हे मागे मागे जात पाहायचे. या हजार डॉलरांच्या बाबतीत तेच केले. मागे जाताना १९७९, १९५५, १९५०, १९४७ अशी वर्षे लागली, आणि बहुतेक वेळी हाती एक नावांची यादी आली. या विषयाशी माझे स्वतःचेही एक जुने देणे आहे. ते शेवटी सांगतो.

*

आधी देणगीची हकीकत. १५ मे २००८ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क आहे असा निकाल दिला. जूनपासून लग्ने होऊ लागली. तो निकाल निष्प्रभ करण्यासाठी विरोधकांनी राज्यघटनेत दुरुस्ती सुचवणारा प्रस्ताव क्रमांक ८ थेट मतदारांपुढे आणला. विवाह म्हणजे फक्त एक पुरुष आणि एक स्त्री यांचा, एवढाच त्याचा आशय. दोन्ही बाजूंनी मिळून आठ कोटी डॉलरहून अधिक पैसा ओतला गेला. ४ नोव्हेंबर २००८ रोजी सुमारे ५२ टक्के मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. आइक यांचे हजार डॉलर या बाजूचे होते.

त्याच दिवशी बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. ओबामांचा प्रस्ताव ८ ला विरोध होता, पण विवाह हा स्त्री-पुरुषांचाच असे त्यांचेही तेव्हाचे जाहीर म्हणणे होते. ते त्यांनी मे २०१२ मध्ये बदलले. म्हणजे देणगी दिली तेव्हा आइक यांचे मत काही कोपऱ्यातल्या मूठभरांचे नव्हते. त्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांचे ते मत होते.

दुसऱ्या पारड्यातले वजनही तितक्याच चोखपणे मोजले पाहिजे. जून ते नोव्हेंबर या काळात कॅलिफोर्नियात सुमारे १८ हजार समलिंगी जोडप्यांनी लग्ने केली होती. प्रस्ताव मंजूर झाल्यावर आपले लग्न टिकते की नाही, हे त्यांना मे २००९ पर्यंत कळले नाही. न्यायालयाने ती लग्ने वैध ठरवली, पण नवी बंद केली. हे मत जकातीच्या दराविषयीचे नव्हते. ज्या माणसाच्या हाताखाली काम करायचे, त्याने आपला संसार कायद्याबाहेर ठेवण्यासाठी पैसे दिले आहेत, हे कळल्यावर एखाद्या कर्मचाऱ्याला काय वाटले असेल हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

ती देणगी कळली कशी? कॅलिफोर्नियात १९७४ पासून असा कायदा आहे की प्रचाराला शंभर डॉलर किंवा अधिक देणाऱ्याचे नाव, व्यवसाय आणि तो कुठे नोकरी करतो हे जाहीर व्हावे. हेतू चांगला होता. राजकारणात पैसा कोणाचा येतो हे लोकांना दिसावे. पण प्रस्ताव ८ च्या वेळी ही यादी संगणकावर आली आणि एक नाव घालून कोणालाही शोधता येऊ लागले. पुढाऱ्याचा पैसा पाहण्यासाठी लावलेल्या दिव्याच्या उजेडात लोक शेजाऱ्याचे घर पाहू लागले. २०१२ मध्ये कोणाच्या तरी नजरेला आइक यांचे नाव पडले. दोन वर्षांनी ते प्रमुख झाले तेव्हा तीच नोंद पुन्हा वर आली.

मोझिला ही साधी कंपनी नव्हे. ती एका ना-नफा प्रतिष्ठानाच्या मालकीची आहे. तिचा फायरफॉक्स हा ब्राउझर जगभरच्या स्वयंसेवकांच्या श्रमावर वाढला. त्याचे मराठी रूपही अशाच श्रमाचे फळ. मग काही कर्मचाऱ्यांनी ट्विटरवर त्यांच्या राजीनाम्याची मागणी केली. एका लहान कंपनीने आपले अॅप मोझिलाच्या बाजारातून काढून घेतले. ३१ मार्चला ओके क्यूपिड या जोडीदार शोधून देणाऱ्या संकेतस्थळाने फायरफॉक्सवरून येणाऱ्यांना निवेदन दाखवून दुसरा ब्राउझर वापरण्याची विनंती केली. आइक यांनी २६ मार्चला लिहून आपल्यामुळे झालेल्या वेदनेबद्दल खेद व्यक्त केला आणि सर्वांना समान वागणूक देण्याची लेखी हमी दिली. मत बदलले, असे मात्र म्हटले नाही. संस्थेच्या अध्यक्ष मिचेल बेकर त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे काम करत होत्या. त्यांनी लिहिले की २०१२ मध्ये देणगीचे कळले तेव्हा आपल्याला आश्चर्य वाटले, कारण त्यांच्या वागण्यात कधी तसे काही दिसले नव्हते.

राजीनाम्यानंतर मोझिलाने स्पष्ट केले की आइक यांना काढलेले नाही, दुसऱ्या पदावर राहण्याची विनंतीही संचालक मंडळाने केली होती. कागदावर ते खरेच आहे. इतिहासात अशा राजीनाम्यांचे कागद बहुधा स्वच्छच असतात.

*

आता मागे जाऊ. नोव्हेंबर १९४७. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाची एक समिती हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टांची चौकशी करत होती. दहा लेखक-दिग्दर्शक-निर्मात्यांनी ‘तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का’ या प्रश्नाचे सरळ उत्तर देण्यास नकार दिला आणि सभागृहाने त्यांच्यावर अवमानाचा ठपका ठेवला. पाठोपाठ मोठ्या स्टुडिओंचे प्रमुख न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात जमले आणि त्यांनी निवेदन काढले. या दहांना काम नाही, आणि यापुढे जाणूनबुजून कम्युनिस्टाला नोकरी नाही. त्याच निवेदनात त्यांनी हेही कबूल केले की अशा धोरणात निरपराध माणसे भरडली जाण्याचा आणि भीतीचे वातावरण तयार होण्याचा धोका आहे. धोका कळत होता. तरीही सह्या झाल्या.

त्या दहांमध्ये एड्रियन स्कॉट हा आर.के.ओ. स्टुडिओचा निर्माता होता. ज्यूद्वेषावर बोट ठेवणारा त्याचा ‘क्रॉसफायर’ त्याच वर्षी आला होता आणि पुढे त्याला ऑस्करची पाच नामांकनेही मिळाली. स्टुडिओचा निर्मितीप्रमुख डोअरी शॅरी याने समितीपुढे सांगितले होते की माणसाला मी त्याच्या कामावरून घेईन. स्टुडिओने स्कॉटला काढले तेव्हा शॅरीने त्या कामाला हात लावायचे नाकारले. वरच्यांनी ते केले. शॅरीची नोकरी तेव्हा टिकली, स्कॉटची गेली. १९५० साली स्कॉट तुरुंगातही गेला.

१९४७ मध्ये मागे सरकार होते. १९५० पर्यंत सरकारची गरज उरली नाही. त्या वर्षी जूनमध्ये ‘रेड चॅनल्स’ ही पुस्तिका निघाली. रेडिओ-टेलिव्हिजनमधल्या १५१ जणांची नावे आणि त्यांनी कोणत्या सभेला, कोणत्या पत्रकाला, कोणत्या संस्थेला पाठिंबा दिला त्याची नोंद. छापणारे खासगी, वाचणारे खासगी. ऑगस्टमध्ये जीन म्यूर या अभिनेत्रीची एक टेलिव्हिजन मालिका सुरू व्हायची होती. पुरस्कर्ती कंपनी जनरल फूड्स. तिच्याकडे काही फोन आणि तारा गेल्या आणि म्यूर यांना काढले गेले. त्या कम्युनिस्ट आहेत असे कंपनी म्हणाली नाही. आरोप खरा की खोटा यात आम्हाला पडायचे नाही, पण त्या आता वादग्रस्त झाल्या आहेत आणि वादग्रस्त व्यक्तीमुळे मालाचा खप घसरतो, असा तिचा युक्तिवाद होता.

या यंत्रणेतला सगळ्यात साधा दुवा म्हणजे सिराक्यूज शहरातला लॉरेन्स जॉन्सन नावाचा सुपरमार्केटचा मालक. तो पुरस्कर्त्या कंपन्यांना कळवी की अमुक कलाकाराला घ्याल तर तुमच्या मालाशेजारी तशी पाटी लावीन, गिऱ्हाइकांनाच ठरवू दे. गिऱ्हाइकाने काय घ्यावे हा त्याचा हक्क, दुकानदाराने काय लिहावे हाही त्याचा हक्क. प्रत्येक कडी कायदेशीर आणि साखळी माणसाच्या गळ्यात. जॉन हेन्री फॉक या रेडिओ कलावंताची नोकरी १९५७ मध्ये अशीच गेली. त्याने खटला लढवला आणि जून १९६२ मध्ये ज्यूरीने त्याला ३५ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. वरच्या न्यायालयाने ती बरीच कमी केली. काम मात्र पूर्वीसारखे परत मिळाले नाही.

ओके क्यूपिडचे निवेदन वाचताना मला जॉन्सनची पाटी आठवली. दोघांच्या कारणांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. एकाने जे केले ते धास्तीतून, दुसऱ्याने समतेसाठी. पण पाटी तीच.

*

यादीचे तिसरे उदाहरण दक्षिणेतले. १९५५ मध्ये मिसिसिपीतल्या यॅझू सिटी या गावी ५३ कृष्णवर्णीयांनी शाळांतला वर्णभेद संपवावा म्हणून अर्जावर सह्या केल्या. गोऱ्यांच्या सिटिझन्स कौन्सिलने सगळी नावे जाहिरात म्हणून वर्तमानपत्रात छापली. मालकांनी कामावरून काढले, दुकानदारांनी सामान देणे बंद केले, आणि एकेक करून जवळजवळ सगळ्यांनी सह्या मागे घेतल्या. पुढच्याच वर्षी साउथ कॅरोलिनाने कायदा केला की कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संघटनेचा सभासद सरकारी नोकरीत चालणार नाही. सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेने सभासदत्व सोडले नाही. तिची नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेले. १९५८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अलाबामा राज्याला या संघटनेच्या सभासदांची यादी मागता येणार नाही असा निकाल दिला, तो याच अनुभवाच्या आधारावर. नाव उघड झाले तर नोकरी जाते, आणि नोकरी जाते म्हणून माणूस मत मांडायचे सोडतो, हे न्यायालयाने ओळखले.

आणि शेवटी ज्यांच्या बाजूने २०१४ चा आवाज उठला त्यांचा स्वतःचा इतिहास. एप्रिल १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काढलेल्या आदेश क्रमांक १०४५० मुळे समलिंगी माणसांना केंद्र सरकारच्या नोकरीतून शोधून शोधून काढले गेले. फ्रँक कॅमेनी हा खगोलशास्त्रज्ञ १९५७ मध्ये लष्कराच्या नकाशा विभागातून असाच बाहेर पडला. पुढची पन्नास वर्षे तो लढत राहिला, आणि २००९ मध्ये सरकारने त्याची रीतसर माफी मागितली.

याच लढ्यातला एक निकाल मला या सगळ्या प्रकरणाचा मध्य वाटतो. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यात १९३७ पासून दोन कलमे आहेत, ११०१ आणि ११०२. मालकाने कर्मचाऱ्याच्या राजकीय कामावर बंधन घालू नये, नोकरीची भीती दाखवून त्याचे राजकारण वळवू नये, असा त्यांचा अर्थ. समलिंगी विधी-विद्यार्थ्यांच्या संघटनेने पॅसिफिक टेलिफोन कंपनीविरुद्ध आणलेल्या दाव्याचा निकाल १९७९ मध्ये लागला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी म्हटले की समलिंगींचा समान हक्कांसाठीचा लढा हे राजकीय कामच आहे, आणि म्हणून त्यासाठी नोकरी नाकारता येणार नाही.

म्हणजे कॅलिफोर्नियात समलिंगी कर्मचाऱ्याला पहिले मोठे कवच मिळाले ते ‘कोणाचेही राजकारण नोकरीच्या आड येऊ नये’ या नियमातून. तो नियम त्यांच्या बाजूचा होता म्हणून उपयोगी पडला नाही. तो कोणाच्याच बाजूचा नव्हता म्हणून उपयोगी पडला. प्रस्ताव ८ ला दिलेली देणगी हेही त्याच नियमाच्या भाषेत राजकीय कामच. आइक यांनी स्वतः राजीनामा दिल्यामुळे हा मुद्दा न्यायालयापुढे कधी आला नाही. पण ज्या भिंतीच्या आडोशाने एक पिढी जगली, तिचे दगड काढायला पुढची पिढी तयार झाली, एवढे दिसते.

हे त्या बाजूच्याच अनेकांना दिसले. एप्रिल २०१४ मध्ये समलिंगी विवाहाच्या पन्नासहून अधिक समर्थकांनी निवेदन काढून आइक प्रकरणाबद्दल नापसंती दाखवली. त्यांत अँड्र्यू सुलिव्हन, जोनाथन राउश असे या मागणीसाठी सुरुवातीपासून लेखणी झिजवलेले लेखक होते. आपण विरोधकांना पटवून जिंकत आलो, त्यांना शिक्षा करून नव्हे, असा त्यांचा आशय होता.

*

आइक यांनी काय केले असते तर खुर्ची टिकली असती? बहुतेकांचे उत्तर एकच. मत चुकले असे म्हणायला हवे होते. इथे मराठी वाचकाला पुणे आठवेल. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली, आणि चहाच्या एका पेल्यावरून ग्रामण्य उभे राहिले. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्यांचे मत त्यामुळे बदलले असे त्यांच्या शत्रूंनाही वाटले नसेल. प्रायश्चित्ताचे काम मत बदलणे हे नसतेच. वाकवणाऱ्याला वाकलेली मान दिसली की ते संपते. १९४७ ची समितीही तेच मागत होती, आणि वर इतरांची नावेही.

यावर एक सबळ आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. प्रमुखाची खुर्ची म्हणजे कारकुनाची नोकरी नव्हे. शिक्षिकेची नोकरी गेली तर चूल विझते, प्रमुखाची गेली तर तो दुसरी कंपनी काढतो. आइक यांनी २०१५ मध्ये ब्रेव्ह ही काढलीच. शिवाय प्रमुख हा संस्थेचा चेहरा. लोकांनी विश्वासाने फुकट काम करावे अशा संस्थेत त्याच्यावरचा विश्वासच उडाला तर तो काम तरी कसे करणार? आणि १९४७ मागे तुरुंग होता, २०१४ मागे फक्त लोकांची नाराजी.

या आक्षेपातला बराच भाग मला मान्य आहे. स्वयंसेवकाला निघून जायचा हक्क आहे, कर्मचाऱ्याला बोलायचा, ग्राहकाला दुसरा ब्राउझर घ्यायचा. यातल्या कोणालाही मी गप्प बसवणार नाही. माझा प्रश्न संचालकांना आहे, कारण शेवटी निर्णय त्यांच्या मेजावर येतो. प्रमुखाने मत खुर्चीत बसून वापरले का? त्यावरून कोणाची बढती अडली का, कोणाचा विमा तोडला का, संस्थेचा पैसा तिकडे वळला का? उत्तर होय असेल तर त्याला काढायला मताचीही गरज नाही, कृत्य पुरेसे आहे. उत्तर नाही असेल तर त्याच्या पाठीशी उभे राहणे हे संचालकांचे काम, मग फोन कितीही येवोत. प्रमुखाला वेगळा नियम लावला की तो खाली झिरपतो. १९४७ मध्ये दहा नामवंत गेले. १९५० मध्ये जेलीच्या खपासाठी एक अभिनेत्री गेली, आणि तिने खरोखर काय केले हे विचारायचीही कोणाला गरज वाटली नाही.

*

आता माझे देणे. वीसेक वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत मी हिशेब पाहत होतो. आमच्या व्यवस्थापकांनी एका पत्रकावर सही केली. त्या वेळी गावात एक आंदोलन चालू होते, पत्रक त्याच्या विरोधात होते आणि माझी सगळी सहानुभूती आंदोलनाकडे होती. वर्तमानपत्रात नावे छापून आली. काही ठेवीदार ठेवी काढायची भाषा करू लागले. आम्ही कर्मचाऱ्यांनी संचालक मंडळाला निवेदन दिले. त्याचा मसुदा माझ्या अक्षरात होता. महिन्याभरात साहेबांनी प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा दिला. आम्ही चहा मागवला.

त्यांचे ते मत मला आजही चुकीचे वाटते. पण आंदोलनातल्या कितीतरी घरांची कर्जे त्यांच्याच सहीने मंजूर झाली होती. हप्ता थकला तर मुदत वाढवून देतानाही त्यांनी कधी कोण कुठल्या मोर्चात होते हे पाहिले नाही. हे सांगायला मला कोणाची साक्ष काढायची गरज नव्हती. वह्या माझ्याच कपाटात होत्या. निवेदन लिहिण्याआधी त्या उघडून पाहाव्यात, असे मला सुचले नाही. पत्रकाखालची नावे मात्र मी दोनदा वाचली होती.